थोडा गॅस वाढवा!

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या भाच्याची जी शेड आहे, तीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि दुधाच्या टाक्या तयार होतात. आणि ज्या दिवशी वेल्डिंगच्या सांध्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडतात, आर्क मध्येच फुरफुरतो, मध्येच अडखळतो आणि ठिणग्या जॉबवर पडण्याऐवजी वेल्डरच्या सदऱ्यात आश्रय घेतात, त्या दिवशी तेथे जी चौकशी भरते, तिचा शिरस्ता कोणत्याही जुन्या कचेरीने हेवा करावा इतका पक्का ठरून गेलेला आहे. पहिला आळ विजेवर येतो, कारण वीज बाहेरून येते आणि बाहेरून येणाऱ्यावर संशय घेणे हा मनुष्यस्वभाव आहे. विजेची निर्दोष सुटका झाली की मशीन पिंजऱ्यात उभे राहते. मशीननंतर तार, तारेनंतर पत्रा, पत्र्यानंतर तो विकणारा व्यापारी, आणि या सर्वांचे जाबजबाब आटोपले म्हणजे काल अमावास्या होती किंवा कसे, याचीही दबक्या आवाजात विचारणा होते. या संपूर्ण अवधीत कोपऱ्यात साखळीने बांधून ठेवलेला गॅसचा सिलिंडर मात्र साक्षीदार म्हणूनसुद्धा पाचारला जात नाही. ज्याला रंग नाही, वास नाही आणि जो नोझलमधून बाहेर पडला की पुढे कोठे गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही, त्याच्यावर फिर्याद गुदरायची तरी कशी?

गॅसचा खर्च वाढत चालला होता आणि भोकेही वाढत चालली होती. या दोन वाढींचा मेळ कोणालाच बसेना, तेव्हा भाच्याने मला बोलावणे धाडले. सारे आयुष्य कोषागारात घालवून मी निवृत्त झालो असल्यामुळे, आत किती आले आणि बाहेर किती गेले एवढेच पाहावयाचे असेल तर तो माल रुपये आहे की वायू आहे याने काही बिघडत नाही, अशी त्याची समजूत होती. माझीही तीच होती. वेल्डिंगविषयीचे माझे ज्ञान म्हणाल तर, आमच्या खिडक्यांच्या गजांना ते केलेले आहे, एवढ्यापुरतेच मर्यादित होते. परंतु विषयाचे अज्ञान हा तपासणी अधिकाऱ्याच्या मार्गातील अडथळा असल्याचे मला माझ्या संपूर्ण नोकरीत कधी आढळून आले नाही.

शेडमधले मिस्त्री हे अल्पभाषी आणि उग्र गृहस्थ आहेत. माझ्या नियुक्तीचा हुकूम ऐकून त्यांनी काळ्या काचेचे हेल्मेट कपाळावर सरकवले आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"मामा, ह्यो आर्क हाय न्हवं, ह्याला उघड्यावर ऱ्हायला चालत न्हाई," ते म्हणाले.

"का? लाजाळू आहे की काय?"

"लाजाळू कशाचा! हवा बाधती त्याला."

या एका वाक्यात त्यांनी जे सांगितले ते समजून घेण्यासाठी मला भाच्याच्या टेबलावरचे जाडजूड पुस्तक कित्येक संध्याकाळी चाळावे लागले. तारेचे टोक आणि लोखंडाचा पत्रा यांच्यामधील पोकळीतून विजेचा प्रवाह वाहू लागला की तेथील वायू कित्येक हजार अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत तारही वितळते, पत्राही वितळतो. लोखंडाची वृत्ती एरवी गंभीर असली तरी वितळलेल्या अवस्थेत ते कोणाच्याही नादी लागते. आपण श्वासोच्छ्वासासाठी जी हवा वापरतो तिच्यात नायट्रोजन शेकडा ७८ आणि ऑक्सिजन शेकडा २१. पैकी नायट्रोजन त्या तप्त रसात मुकाट्याने विरघळतो आणि रस थंड होऊ लागला की आपल्याला आत जागा उरली नाही असे पाहून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतो. तो पुरता बाहेर पडण्याच्या आत धातू गोठला म्हणजे बुडबुडे जेथल्या तेथे अडकतात आणि सांध्याला ब्लो होल पडतात. हे टाळावे म्हणून नोझलमधून आर्कभोवती दुसऱ्या एखाद्या वायूचा पडदा धरावयाचा. जुन्या काळच्या रॉडला हा बंदोबस्त बाहेरून करावा लागत नसे. स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रॉडला जो लेप देण्याची तजवीज केली, तो लेप स्वतःच जळून स्वतःचा धूर स्वतःभोवती धरीत असे. सिलिंडर आला आणि हे स्वावलंबन संपले.

पडद्याच्या या कामावर नेमलेल्या वायूंमध्ये आर्गॉन हा थोर कुळातला. त्याची कुळकथा वाचून हिशेबनीस या नात्याने मी भारावून गेलो. १७८५ साली हेन्री कॅव्हेंडिश याने विजेच्या ठिणग्या पाडून पाडून हवेतील नायट्रोजनाचा ऑक्सिजनाशी संयोग घडवून आणला, तेव्हा सर्व काही खर्ची पडल्यावरही एक इवलासा बुडबुडा काही केल्या नाहीसा होईना. नायट्रोजनाच्या एकशेविसाव्या भागाहून ती बाकी अधिक नव्हती. कॅव्हेंडिशने ती इमानेइतबारे नोंदवून ठेवली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे ते प्रकरण तसेच प्रलंबित राहिले, हे वाचून सरकारी दिरंगाईविषयी माझ्या मनात जो न्यूनगंड होता तो पुष्कळच ओसरला. मग लॉर्ड रॅले यांना असे दिसून आले, की हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन लिटरमागे १.२५७ ग्रॅम भरतो आणि रासायनिक पदार्थांपासून काढलेला मात्र १.२५१ ग्रॅमच. सहा सहस्रांश ग्रॅमची ही तफावत दुसऱ्या कोणी किरकोळ म्हणून निर्लेखित केली असती. रॅले यांनी केली नाही, आणि १८९४ साली विल्यम रॅमसे यांच्या साहाय्याने त्या तफावतीच्या मुळाशी दडून बसलेला आर्गॉन उजेडात आणला. हवेत तो शेकडा एकाहून किंचित कमी. कोणाशी संयोग पावत नाही, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. उद्योगधंद्यात त्याला जी मागणी आहे ती केवळ तो काहीही करीत नाही म्हणून! जागेवर नुसते बसून राहणाऱ्याला एवढी प्रतिष्ठा मिळालेली पाहून मला माझे कित्येक माजी सहकारी आठवले. स्वतः काही करावयाचे नाही आणि दुसऱ्या कोणालाही आत येऊ द्यावयाचे नाही, हे आर्गॉनचे दोन्ही गुण त्यांच्या अंगी पूर्णपणे होते. पण त्यांना कोणी सिलिंडरात भरून ठेवले नाही.

ट्रॉलीच्या कामाला आर्गॉन परवडत नाही, म्हणून तेथे कार्बन डायऑक्साइड. हा स्वस्त, पण निष्क्रिय मुळीच नव्हे. आर्कच्या उष्णतेत तो फुटतो, त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि त्या ऑक्सिजनाचा बंदोबस्त करण्यासाठी तारेत आधीपासूनच सिलिकॉन आणि मँगेनीज यांची नेमणूक करून ठेवावी लागते. म्हणजे पहारेकऱ्यावर पहारा ठेवण्याची जी पद्धत मी केवळ कोषागारातच आहे असे समजत होतो, ती येथेही आहे.

माझ्या तपासणीच्या आरंभीच भोके पडली. विजेची, मशीनची आणि तारेची रीतसर चौकशी झाल्यावर हेल्परने आपला सिद्धान्त मांडला.

"थोडा गॅस वाढवा की!"

मिनिटाला १५ लिटरवर असलेली फ्लो मीटरमधील गोळी त्याने २० वर चढवली. भोके तशीच. २५ वर चढवली. भोके किंचित अधिक. तेव्हा गॅस अजूनही कमीच पडतो आहे असा निष्कर्ष काढून त्याने चावी आणखी पिळली आणि नोझलमधून असा काही फूत्कार निघू लागला की शेजारच्या शेडमधील मंडळी टायर फुटला म्हणून पाहावयास आली. सांधा आता चाळणीच्या पदवीला पोहोचला होता. यातले शास्त्र असे, की वायू संथपणे वाहत असतो तोवरच त्याचा पडदा अखंड राहतो. वेग मर्यादेपलीकडे गेला की प्रवाहात भोवरे उठतात आणि ते भोवरे बाहेरच्या हवेलाच हाताला धरून आत आणतात. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची एक बारीक धार सोडून ही गोष्ट जगाला डोळ्यांनी दाखवून दिली: वेग कमी असेतो धार सरळ रेघेप्रमाणे जाते आणि वेग वाढवीत नेला की एका विवक्षित क्षणी ती विस्कटून सर्व पाण्यात मिसळते. परंतु रेनॉल्ड्सचा प्रयोग एका पारड्यात आणि हेल्परची श्रद्धा दुसऱ्या पारड्यात घातली तर पारडे कोणीकडे झुकेल हे सांगावयास नकोच. भाजी अळणी लागली तर मीठ वाढवावे, मूल ऐकत नसेल तर आवाज वाढवावा, खात्यात काम होत नसेल तर माणसे वाढवावी. आणि वाढवूनही गुण आला नाही तर पुरेसे वाढवले नाही असे समजावे. मिस्त्रींनी येऊन न बोलता गोळी खाली आणली आणि नोझलमध्ये साठलेला स्पॅटरचा थर पकडीच्या टोकाने खरवडून काढला. वायूची वाट मुळात त्या थरानेच अडवली होती.

"आता?" मी विचारले.

"आता काय? ऱ्हाईल चार वाजेपर्यंत नीट. चारला परत वाढवतंय बघा ते."

यानंतर मी स्टोअरमधील दप्तराकडे वळलो. स्टोअरवाल्या तरुणाने सिलिंडरच्या घड्याळातील काट्याची रोजची नोंद मोत्यासारख्या अक्षरांत ठेवली होती आणि ती पाहून माझे डोळे पाणावले, इतकी ती निष्कलंक होती. सिलिंडर लावल्या दिवसापासून काटा जेथल्या तेथे! रोज दिवसभर गॅस जाळून साठ्यात घट अशी नाहीच. शिवाय थंडीच्या नोंदी पाहिल्या तर सकाळी साठा कमी आणि दुपारी अधिक. खरेदी नाही, आवक नाही आणि शिल्लक वाढते आहे, असा जमाखर्च मी सरकारी नोकरीत एकदाच पाहिला होता आणि तो ठेवणाऱ्या इसमास पुढे सक्तीची विश्रांती मिळाली होती. येथे मात्र तो तरुण निर्दोष होता. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरात द्रवरूपाने असतो, आणि जोवर तळाशी द्रव शिल्लक आहे तोवर वरच्या वायूचा दाब साठ्यावर अवलंबून नसून केवळ तपमानावर अवलंबून असतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, ३० अंशांना सुमारे ७२. द्रवाचा शेवटचा थेंब संपला की मग काटा भराभर खाली येतो, आणि हे नेमके पार्टी ट्रॉली न्यावयास दारात उभी असतानाच घडते. मिस्त्रींना यातले सगळे ठाऊक होते.

"काट्याकडं कशाला बघायचं, मामा? गॅस काट्यानं न्हाई, वजनानं कळतोय. सिलिंडर तोलायचा."

"मग हे तुम्ही त्या मुलाला कधी सांगितले नाही?"

"त्यानं कधी इचारलं न्हाई."

मी ते दप्तर जपून ठेवण्याची शिफारस केली. इतके सुवाच्य आणि इतके निरुपयोगी अभिलेख दुर्मिळ असतात.

मे महिन्यात एका दुपारी, उन्हाने पत्र्याचे छप्पर तडतडत असता, रेग्युलेटरवर बर्फ जमले. मला ते प्रथम शीतपेयाचे काही यंत्र वाटले. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड एकाएकी मोकळा सुटला की प्रसरण पावताना थंडगार पडतो आणि रेग्युलेटरच्या अरुंद वाटेत त्याचा स्वतःचाच बर्फ होऊन ती वाट बुजवून टाकतो. मग आर्कला गॅस मिळतो तो आचके देत, आणि आर्कही आचके देतो. यावरील उपाय म्हणजे सिलिंडरला लावलेला विजेचा छोटा हीटर. तो हीटर होता, उत्तम स्थितीत होता. त्याची पिन मात्र बोर्डातून काढलेली होती, कारण बोर्डाला भोके मोजकी आणि हेल्परला उकडत होते. हीटरच्या जागी त्याने पंखा लावला होता. अशा रीतीने एकाच पिनेच्या बदलीने त्याने गॅसची वाट मागून गोठवली होती आणि जो थोडाबहुत गॅस पुढून निसटत होता तो उडवूनही लावला होता. इतक्या अल्प श्रमांत एवढे सर्वांगीण नुकसान साधणारा इसम मी प्रशासनातही पाहिला नाही. मिस्त्रींनी पंखा बंद केला. हेल्परने तो लावला. मिस्त्रींनी पुन्हा बंद केला. हा पंखा त्या शेडमध्ये वसंत ऋतूपासून मृगापर्यंत याच रीतीने चालतो, आणि त्याखालील प्रत्येक सांधा तपासून तो पंख्याच्या कारकिर्दीत झाला की बंदीच्या, हे जाणकार मनुष्य सांगू शकतो.

जाणकारांचे खरे परीक्षेचे साधन डोळे नसून कान आहेत, हे मला पुढे उमगले. मिस्त्री पाठमोरे उभे राहून चहा पितात आणि चार मशीनांपैकी कोणत्या मशीनचा गॅस कमी पडतो आहे ते बशीतून तोंड न काढता सांगतात. आर्क बिनचूक चालला असता कढईत भजी तळल्यासारखा अखंड चुरचुराट ऐकू येतो. गॅस तुटला की तो चुरचुराट फुटतो, मध्येच फटाफट बार निघतात, ज्योतीचा रंग आणि चाल दोन्ही बिघडतात. वायू बदलला की आर्कचा स्वभावही बदलतो. निव्वळ कार्बन डायऑक्साइडमध्ये तारेच्या टोकाला तारेहूनही जाड थेंब लोंबकळत राहतो आणि मग कसाबसा आदळून चहूकडे शिंतोडे उडवतो. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण दिले आणि प्रवाह पुरेसा ठेवला की त्याच थेंबांचा बारीक फवारा होऊन आवाज भारदस्त आणि मृदू होतो. मग निव्वळ आर्गॉनच का वापरीत नाही, असे मी विचारले. लोखंडावर ते साधत नाही. केवळ निष्क्रियांच्या संगतीत आर्कला कोठे बसावे हे सुचत नाही, तो पत्र्यावर सैरावैरा भटकू लागतो. शेकडा एक-दोन इतका जरी ऑक्सिजन आत सोडला तरी त्याचे चित्त ठिकाणावर येते. ज्याला बाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप, त्याचाच एक माणूस पगार देऊन आत ठेवावा लागतो, हे पाहून मला ज्या काही संस्थांची आठवण झाली त्यांची नावे मी घेत नाही.

दुधाच्या टाक्यांच्या टिग वेल्डिंगची कथा निराळी, आणि तीतील खलपुरुष माझा भाचाच. अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीच्या रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास विमानांसाठी मॅग्नेशियम जोडताना टंगस्टनचे टोक आणि हेलियमचा पडदा यांची सांगड घातली, त्या पद्धतीचाच हा आजचा अवतार. हेलियमऐवजी आमच्याकडे आर्गॉन. येथे आर्क विझल्यावरही काही सेकंद गॅस चालू ठेवावा लागतो, कारण टंगस्टन आणि सांधा दोन्ही अजून लाल असतात आणि हवा टपून बसलेली असते. काम संपल्यावर गॅस वाहतो, ही गोष्ट भाच्याच्या व्यापारी अंतःकरणास डाचू लागली.

"मामा, आर्क बंद झाल्यावर गॅस कशासाठी? कचेरी सुटल्यावर पंखे चालू ठेवण्यासारखं झालं हे!"

त्याने ते सेकंद शून्यावर आणले. टंगस्टनचे टोक काळेनिळे पडू लागले, सांध्याच्या अखेरीस खड्डे पडू लागले, टाकीच्या चकचकीत पोलादावर काजळी धरू लागली. आणि वाचवलेल्या गॅसच्या कित्येक पटींनी खर्च ग्राइंडरच्या चाकांवर होऊ लागला. परंतु ग्राइंडरची चाके निराळ्या खात्यात दाखवली जात असल्यामुळे गॅसच्या खात्यात बचत स्पष्ट दिसत होती, आणि भाचा ती पाहुण्यांना अभिमानाने दाखवीत असे.

मृग लागला आणि पश्चिमेचा वारा शेडच्या दारातून सरळ आत घुसू लागला. ताशी सात-आठ किलोमीटर वेगाची झुळूकसुद्धा गॅसचा पडदा फाडावयास पुरते आणि हा वारा तर छत्र्या उलटवीत होता. ताडपत्री बांधली, ती फाटली. प्लायवूड उभे केले, ते आडवे झाले. पार्टी ट्रॉलीसाठी तगादा लावून बसलेली. मिस्त्रींनी हेल्मेट वर सरकवून चौफेर पाहिले आणि त्यांची दृष्टी, मी खुर्चीवर बसून दप्तर तपाशीत होतो, तेथे येऊन स्थिरावली.

"मामा, जरा हितं येता का?"

"कशासाठी?"

"या तर खरं. हां. तोंड दाराकडं करा. आता थोडं डाव्या अंगाला. अजून थोडं. बास! हलू नगासा."

माझ्या पाठीमागे आर्क लागला. भजी तळावीत तसा चुरचुराट सुरू झाला, तो सांध्याच्या टोकापर्यंत एकदाही तुटला नाही. समोरून पावसाचे तुषार माझ्या चष्म्यावर येत होते, धोतराचा सोगा वाऱ्याने फडफडत होता आणि मी मात्र, ज्या देहविस्ताराविषयी घरात आणि वैद्यांकडे मला आजवर केवळ बोलणीच खावी लागली, त्याच विस्ताराच्या जोरावर, माझ्या मागे पश्चिमेची हवा जाऊ देत नव्हतो. काम संपल्यावर मिस्त्रींनी सांध्यावरून ब्रश फिरवला आणि पुष्कळ वेळ पाहून म्हणाले, "एक भोक न्हाई!" त्यांच्या तोंडून याहून मोठी प्रशस्ती आजवर कोणी ऐकलेली नाही.

त्या पावसाळ्यात मला शेडवर वारंवार बोलावणे येत गेले. तपासणीसाठी येते असे मी समजत होतो आणि घरीही तसेच सांगत होतो. जाताना चहा होई, मिसळ होई, परतताना रिक्षाचे भाडेही भाचा आग्रहाने देई. वर्षअखेरीस हिशेब माझ्याचपुढे आले. गॅसचा खर्च खरोखरच उतरला होता. त्याखाली एक नवे खाते उघडलेले दिसले: 'आडोसा — निगा व वाहतूक'. चहा, मिसळ, रिक्षा, सगळे तारीखवार मांडलेले होते, पावत्या जोडलेल्या होत्या, आणि हरकत घ्यावी असे एकही कलम मला सापडले नाही, म्हणून मी सही केली. सही करताना शेऱ्याचा रकाना दिसला. स्टोअरवाल्या तरुणाच्या त्याच मोत्यासारख्या अक्षरांत तेथे लिहिले होते: 'रुंदी भरपूर. उंची थोडी कमी पडते.'